तालुक्याच्या गावाची छायाचित्रे आणि मुक्त ज्ञानकोश : दान, मालकी व नोंद यांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

तालुक्याच्या गावाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला कागद मिळतात, चित्र मिळत नाही. गॅझेटिअर, जमाबंदीचे कागद, नगरपालिकेचे ठराव, बाजार समितीचे अहवाल यांतून गावाची लोकसंख्या, पेठा, कर आणि पाऊस कळतो. परंतु १९६० साली आठवडे बाजार कोठे भरत होता, एस.टी. स्थानक होण्यापूर्वी गाडी कोणत्या झाडाखाली थांबत असे, धान्याची अडत कोणत्या ओट्यावर चाले, हे सांगणारी छायाचित्रे असली तरी ती कोणाच्या तरी कपाटात असतात. त्यांचा शोध घ्यावा आणि ती मुक्त ज्ञानकोशास द्यावीत, असा विचार आता अनेक महाविद्यालयांतून बोलला जातो. मुक्त ज्ञानकोश म्हणजे येथे विकिपीडिया व त्याला चित्रे पुरविणारे विकिमीडिया कॉमन्स हे भांडार होय.

हा विचार स्तुत्य आहे. मात्र ‘देणे’ या शब्दात काय काय सामावलेले आहे याची चर्चा फारशी होत नाही. छायाचित्र चढविणे हे दोन मिनिटांचे काम आहे. ते देण्याचा अधिकार कोणाचा, आणि त्याखाली काय लिहावयाचे, हे प्रश्न मात्र इतिहासाचे आहेत. प्रस्तुत लेखकाने गेल्या काही वर्षांत आपल्या गावातील एका बंद झालेल्या छायाचित्रालयाच्या संग्रहावर विद्यार्थ्यांसह काम केले. त्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

पूर्वपीठिका

हौशी माणसांनी आपल्या गावाची छायाचित्रे सार्वजनिक संग्रहास द्यावीत ही कल्पना संगणकयुगाची नव्हे. इंग्लंडमध्ये जेरोम हॅरिसन यांच्या पुढाकाराने १८९० साली वॉरविकशायर परगण्याची छायाचित्र-पाहणी सुरू झाली. १८९७ मध्ये बेंजामिन स्टोन या संसद सदस्याने राष्ट्रीय छायाचित्र नोंद मंडळ स्थापन केले. हौशी छायाचित्रकारांनी आपल्या भागातील चर्च, जुनी घरे, जत्रा, चालीरीती यांची छायाचित्रे काढून ती ब्रिटिश म्युझियममध्ये जमा करावीत, अशी ती योजना होती. चित्र टिकावे म्हणून प्लॅटिनमच्या कागदावरील प्रतींचा आग्रह धरला गेला. १९१० मध्ये मंडळ विसर्जित झाले तोवर साडेपाच हजारांहून अधिक छायाचित्रे गोळा झाली होती. औद्योगिकीकरणाने जुने जग नाहीसे होत आहे ही हुरहुर या सगळ्यामागे होती, आणि तिचा एक दोषही होता : मंडळाला जुने तेवढेच सुंदर वाटे. गिरणीचे धुराडे किंवा नवी दुकाने त्यात अभावानेच दिसतात.

अमेरिकेत १९३० च्या दशकात याच्या उलट दृष्टी दिसते. मंदीच्या काळात शेतीविषयक शासकीय विभागाच्या छायाचित्र शाखेचे प्रमुख रॉय स्ट्रायकर यांनी १९३६ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी चर्चा करून लहान गावांत कशाकशाची छायाचित्रे घ्यावीत याच्या सूचना तयार केल्या. लोक संध्याकाळी कोठे जमतात, भिंतींवर काय टांगलेले असते, बाजाराच्या दिवशी रस्ता कसा दिसतो, असे ते प्रश्न होते. इतिहासाच्या प्राध्यापकाने आपल्या विद्यार्थ्यांना द्यावेत असे हे प्रश्न आहेत. अमेरिकी संघशासनाच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून निर्माण केलेल्या कृतींवर तेथे स्वामित्वहक्क नसतो. त्यामुळे काँग्रेसच्या ग्रंथालयातील हा पावणेदोन लाखांच्या आसपासचा निगेटिव्हसंग्रह आज कोणालाही मुक्तपणे वापरता येतो आणि त्यातील पुष्कळ चित्रे कॉमन्सवर आहेत.

आपल्याकडे छायाचित्रण उशिरा आले असे नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. पण कंपनी सरकारने आणि पुढे पुरातत्त्व खात्याने ज्यासाठी कॅमेरे पाठविले ती स्थळे म्हणजे विजापूर, बदामी, ऐहोळ, लेणी आणि देवळे. माणसे आली ती ‘जमाती’चे नमुने म्हणून. १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांच्या ग्रंथात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. बहुतेकांखाली जातीचे वा जमातीचे नाव आहे, व्यक्तीचे नाही. एकीकडे दगड, दुसरीकडे नमुना. या दोहोंमध्ये तालुक्याची बाजारपेठ कोठेच नव्हती.

हा वारसा अजून संपलेला नाही, हे थोडे कटू वाटले तरी सांगावयास हवे. ‘विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स’ ही छायाचित्रस्पर्धा नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झाली आणि भारत २०१२ पासून तिच्यात सामील झाला. तिच्यामुळे असंख्य वास्तूंची उत्तम छायाचित्रे मिळाली. परंतु अशी स्पर्धा संरक्षित स्मारकांच्या यादीवर चालते, आणि आपली यादी मुळात वसाहतकाळातील पुरातत्त्व दृष्टीतून वाढत आलेली आहे. यादीत नसलेले जिनिंग-प्रेसिंगचे आवार, शिक्षक-पतपेढीची पहिली इमारत, शेंगा फोडणाऱ्या बायकांची ओसरी यांना त्यात जागा मिळत नाही. याउलट २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘जिओग्राफ’ या ब्रिटिश उपक्रमाने सगळा देश एक चौरस किलोमीटरच्या चौकटींत मांडला आणि प्रत्येक चौकटीचे प्रातिनिधिक छायाचित्र मागितले. तेथे कॅथीड्रलइतकाच मान गोठ्याला. २०१० च्या सुमारास यातील सुमारे १८ लाख छायाचित्रे कॉमन्सवर आणली गेली. ब्रिटनमधील आडगावांच्या नोंदींना आज जी चित्रे दिसतात त्यांतील कितीतरी तेथून आलेली आहेत.

ज्ञानकोश आणि गाव

मराठीत कोशपरंपरेचे भाग्य असे की तिचा गावाशी संबंध जुना आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोश २३ खंडांत पूर्ण केला तो वर्गणीदार मिळविण्यासाठी वणवण करून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला, आणि त्याचे कार्यालय मुंबई-पुण्यात नव्हे तर कृष्णाकाठच्या वाईत होते. या कोशांना पानांची आणि चित्रपत्रांची मर्यादा होती. कोणत्या नगराला चित्र द्यावयाचे हे संपादक ठरवीत. तालुक्याच्या गावाला अनेकदा चार ओळी मिळत, चित्र क्वचित.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, कॉमन्स ७ सप्टेंबर २००४ रोजी. जागेची मर्यादा गेली. तरीही लहान गावांच्या पुष्कळ नोंदींत चित्राची चौकट रिकामीच असते, किंवा तेथे महामार्गावरून जाता जाता टिपलेले एखादे देऊळ असते. वाईजवळच्या मेणवलीचा घाट चित्रपटांमुळे देशभर ओळखीचा झाला आहे. पण वाईच्या पेठेतील एखाद्या दुकानाचे १९६५ सालचे चित्र हवे असेल तर घरोघरीच विचारावे लागेल.

एक छायाचित्रालय

आमचे गाव माणदेशाच्या कडेला आहे. पाऊस बेभरवशाचा, मेंढ्या आणि बाजार भरवशाचे. येथील सर्वांत जुने छायाचित्रालय २०१९ मध्ये बंद झाले. मालक वारले होते. त्यांचे चिरंजीव पुण्यास नोकरीत. जागा रिकामी करताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरलेल्या निगेटिव्ह भंगारात जाणार होत्या. जुन्या निगेटिव्हमधील चांदीसाठी त्या विकत घेणारे लोक असतात हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. किती गावांच्या आठवणी अशा वितळून गेल्या असतील, कोण जाणे. चिरंजिवांनी ते डबे विभागाकडे दिले, आणि सोबत एक वस्तू दिली जिचे मोल त्यांना किंवा आम्हाला त्या दिवशी समजले नाही : १९६१ पासूनच्या ऑर्डरबुकांच्या नऊ वह्या.

डबे उघडले तेव्हा खोलीभर आंबूस वास पसरला. ॲसिटेटची फिल्म विघटित होऊ लागली की असा वास येतो, आणि एका डब्यातील विघटन शेजारच्या डब्यालाही पोहोचते. म्हणून खराब झालेल्या निगेटिव्ह प्रथम वेगळ्या केल्या. उरलेल्यांत अपेक्षेप्रमाणे बहुसंख्य चित्रे व्यक्तींची : पासपोर्ट आकाराची, लग्ना-मुंजीची, रंगविलेल्या ताजमहालाच्या पडद्यापुढे उभ्या असलेल्या नवविवाहितांची, आणि अंत्ययात्रेपूर्वी खुर्चीत बसवून घेतलेली वृद्धांची शेवटची छायाचित्रे. पोलिसांच्या पंचनाम्यासाठी काढलेलीही बरीच निघाली. ती आम्ही न पाहताच बांधून ठेवली. या खाजगी चित्रांचा ज्ञानकोशास उपयोग नाही. कॉमन्स शैक्षणिक उपयोगाचेच साहित्य स्वीकारते आणि ते योग्यच आहे. पण अधूनमधून वेगळे काही येई. पुराने वाहून गेलेला फरशीचा पूल. बाजारातला मेंढ्यांचा कळप, मागे नव्याने लागलेला विजेचा खांब. हायस्कूलच्या पहिल्या इमारतीपुढे शिक्षक, टोप्या घालून. निवडणुकीची सभा, वक्ता अस्पष्ट, श्रोते स्पष्ट. अशी सव्वाशेच्या आसपास चित्रे निघाली, आणि ती ज्ञानकोशास द्यावीत असे ठरले.

मालकी कोणाची?

चिरंजिवांनी आनंदाने लेखी संमती दिली. येथे आमची पहिली चूक झाली. ज्याच्याजवळ निगेटिव्ह, तो मालक, असे आम्ही गृहीत धरले होते.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती होय. पण कर्ता आणि पहिला मालक एकच असतो असे नाही. कलम १७ च्या दुसऱ्या खंडानुसार, कोणाच्या सांगण्यावरून व मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास स्वामित्वहक्काचा पहिला मालक ते काढवून घेणारा असतो. म्हणजे छायाचित्रालयातील हजारो निगेटिव्ह दुकानदाराच्या डब्यात असल्या तरी त्यांवरील हक्क गावातील शेकडो घरांत विखुरलेला आहे. या तरतुदीचा अर्थ ध्यानात आला तेव्हा संग्रहाकडे पाहण्याची आमची दृष्टीच बदलली. गावाचा छायाचित्रसंग्रह एका माणसाचा नसून, कायद्याच्या भाषेतही, गावाचाच असतो.

मग प्रत्येक चित्र कोणी काढवून घेतले हे कसे कळावे? येथे ऑर्डरबुके कामी आली. तारीख, नाव, आकार, प्रती, आगाऊ रक्कम, बाकी असे रकाने. हायस्कूलच्या चित्रापुढे मुख्याध्यापकांचे नाव नसून संस्थेचे होते आणि पैसे संस्थेने भरले होते. तेव्हा संमती संस्थेची. लग्नाच्या वरातीचे एक सुंदर चित्र आहे, मागे संपूर्ण मुख्य पेठ दिसते. ते वरपक्षाने काढवले की वधूपक्षाने यावर दोन्ही घरांत साठ वर्षांनी मतभेद निघाले. वहीने निकाल दिला : आगाऊ पाच रुपये वधूच्या मामांचे. पूर आणि सभेची चित्रे मात्र कोणाच्याच नावावर नव्हती. ती मालकांनी स्वतःच्या हौसेने काढली होती, म्हणून तेवढ्यांसाठी चिरंजिवांची संमती पुरेशी होती.

मुदतीचा प्रश्न याहून किचकट. पूर्वी छायाचित्रावरील हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिके. २०१२ च्या दुरुस्तीने ती वेगळी तरतूद गेली आणि आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे ही सर्वसाधारण मुदत लागू होते. १९५८ पूर्वीची भारतीय छायाचित्रे कॉमन्सवर सामान्यतः मुक्त मानली जातात, कारण जुन्या कायद्यात मुदत मूळ निगेटिव्हपासून ५० वर्षे होती. आमचा संग्रह १९६१ पासूनचा, म्हणून ही सवलत आम्हाला मिळाली नाही. वास्तूंच्या बाबतीत मात्र कायदा उदार आहे : कलम ५२ प्रमाणे इमारतीचे, तसेच सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेण्यास शिल्पकाराची अनुमती लागत नाही. त्यामुळे चौकातील पुतळा चालतो. त्याच चौकातील वाढदिवसाच्या फलकाचेच छायाचित्र घेतले तर त्याला ही सूट लागू नाही. ही सूट मला काही अंशी गावावर उपकारच वाटते.

दान आणि उदक

संमती मागताना लोकांना काय समजावून द्यावयाचे, हा यातला सर्वांत नाजूक भाग. कॉमन्स ज्या परवान्यांखाली चित्रे घेते, त्यांत व्यापारी उपयोगाचीही मुभा द्यावी लागते. ‘फक्त शिक्षणासाठी वापरा’ अशी अट घातलेले चित्र तेथे स्वीकारले जात नाही. श्रेयनिर्देश करावा आणि बदललेली कृती त्याच परवान्याखाली द्यावी, एवढ्याच अटी घालता येतात. आणि परवाना मागे घेता येत नाही. आपल्याकडे दान देताना हातावर उदक सोडीत. ते सोडल्यावर दात्याचा अधिकार संपे. शिलाहार-यादव काळातील दानलेखांत तर दान मोडणाऱ्यास शाप असे आणि गधेगाळीचा दगड उभा केला जाई. वडीलधाऱ्यांना परवान्याची कलमे समजावून सांगण्यापेक्षा ‘उदक सोडल्यासारखे आहे, परत मागता येणार नाही’ असे म्हटले की अर्थ तत्काळ पोहोचे. दोन घरांनी ते ऐकून नकार दिला. तो त्यांचा अधिकार होता, आणि त्यांच्या चित्रांच्या प्रती केवळ विभागात, बंद पाकिटात आहेत.

दिलेले चित्र पुढे कोठे जाईल यावर दात्याचा ताबा राहत नाही, याचे मोठे उदाहरण जर्मनीचे आहे. तेथील संघीय अभिलेखागाराने डिसेंबर २००८ मध्ये ८० हजारांहून अधिक छायाचित्रे कॉमन्सला दिली. श्रेयनिर्देश न करता होणाऱ्या वापरामुळे त्या संस्थेने पुढे नवी चित्रे देणे थांबविले. पण या प्रकरणाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. अभिलेखागाराने चित्रांखालील मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवला, नाझी काळातील प्रचारकी मजकूरही, आणि तो चुकीचा वा पक्षपाती असू शकतो अशी सूचना प्रत्येकासोबत जोडली. मग जगभरच्या वाचकांनी स्थळे, तारखा, विमानांचे प्रकार, माणसांची नावे यांतील चुका दाखवून दिल्या. संग्रहाला चित्रांच्या बदल्यात दुरुस्त नोंदी मिळाल्या. २०१२ मध्ये वेल्समधील मॉनमथ या दहा हजारांच्या आसपास वस्तीच्या गावाने गावभर हजाराहून अधिक संकेतचिन्हांच्या पाट्या लावून प्रत्येक वास्तूला ज्ञानकोशातील नोंदीशी जोडले. त्यात लहान गावाची सोय ही की वास्तूविषयी चुकीचे लिहिले तर तिच्यासमोर राहणारा माणूसच ते सांगू शकतो.

नोंद

आता ज्या एका चित्रामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याकडे वळतो.

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासातील एक मोठी घटना. लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर होती. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना आकारास आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आमच्या संग्रहात या काळातील एक निगेटिव्ह आहे. पाझर तलावाच्या कामावर चार बायका खडी फोडीत आहेत, एकीच्या पाठीशी झोळीत मूल, कडेला छत्री घेतलेला मुकादम. प्रकाश असा पडला आहे की हातोड्याच्या दांड्यावरील चिंधीही दिसते. ज्ञानकोशातील दुष्काळाच्या नोंदीस याहून समर्पक चित्र मिळणार नाही, असे आम्हा सर्वांना वाटले. पाकिटावर लिहिले होते : ‘दुष्काळी काम, मजूर स्त्रिया’, आणि खाली मुकादमाचे पूर्ण नाव.

छाननी करणाऱ्या विद्यार्थिनींपैकी एक बराच वेळ पडद्याकडे पाहत बसली होती. शेवटी म्हणाली, “सर, झोळीतलं पोर माझा चुलता आहे.”

तिची आजी हयात होती. आम्ही प्रत घेऊन वाडीवर गेलो. आजींनी प्रत उजेडात धरली, चौघींपैकी तिघींची नावे सांगितली. चौथी दुसऱ्या वाडीची, कामावरच ओळख झालेली. मजुरी किती, सुकडी कोठे वाटली जाई, हजेरीपटावर अंगठा कोण घेई, हे सगळे त्या चित्राकडे बोट दाखवून सांगत गेल्या. पाकिटावर काय लिहिले आहे ते नातीने वाचून दाखविले तेव्हा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “मुकादमाचं नाव हाय. मग आमचं का न्हाई?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही इतिहासलेखनाच्या कोणत्या पाठ्यपुस्तकातून ते द्यावे हे मला सुचत नाही. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमो येथे काढलेले ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र जगभर छापले गेले. शासकीय काम म्हणून ते पहिल्यापासून मुक्त होते. लँग यांनी त्या स्त्रीचे नाव विचारले नव्हते. १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी, ती फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन असल्याचे लोकांसमोर आले. तोवर तिचा चेहरा सर्वांचा झाला होता. नावाची कोणाला गरज भासली नव्हती. चित्र मुक्त असले म्हणजे त्यातील माणूस नोंदला गेला असे होत नाही.

आमच्या चित्राची अडचण उलट दिशेची आहे. ऑर्डरबुकात त्या तारखेपुढे एका शासकीय खात्याच्या उपविभागाचे नाव आहे, बारा प्रती, बिल भागविले. म्हणजे पहिला मालक शासन. शासकीय कृतींवरील हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो, आणि मुदत पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. हे चित्र १९७३ च्या एखाद्या अहवालात छापले गेले असल्यास ते २०३३ अखेर मुक्त होईल. कोठेच छापले गेले नसल्यास ती मुदत सुरूच झालेली नाही. अमेरिकेत शासनाने काढविलेले चित्र जनतेचे, येथे शासनाचे. त्यात दिसणाऱ्या स्त्रीचा हक्क मात्र दोन्हीकडे कायद्याच्या कोणत्याच रकान्यात नाही : ती कर्ती नाही, मालक नाही, तिने पैसे दिलेले नाहीत.

आम्ही संबंधित कार्यालयाकडे अर्ज केला. पहिल्या अर्जाची पोच मिळाली, दुसऱ्यास उत्तर आले की सदर अभिलेख उपलब्ध नाही. अभिलेख आमच्या टेबलावर होता. अनुमती देणाऱ्यास तो आपला असल्याचे माहीत नाही, आणि ज्यांना तो आपला वाटतो त्यांना अनुमती देता येत नाही. विभागातील एका सहकाऱ्याचे मत पडले की इतक्या जुन्या चित्राबद्दल कोण विचारणार आहे, सरळ चढवावे. कोणी विचारणार नाही, हे खरे असावे. परंतु ज्या वधूच्या मामांच्या पाच रुपयांचा आम्ही मान राखला, तो शासनाच्या बारा प्रतींचा राखावयाचा नाही, याला तात्त्विक आधार सापडेना. ते चित्र आम्ही चढविलेले नाही.

त्याऐवजी काय करता येईल हे आजींनीच सुचविले. त्यांच्या घरात त्याच वर्षाचा, त्यांच्या यजमानांनी पैसे देऊन आमच्याच छायाचित्रालयातून काढवून घेतलेला एक फोटो भिंतीवर आहे. कामाचा पहिला पगार आला त्या बाजाराच्या दिवशीचा : दोघे उभे, मूल कडेवर, मागे तोच ताजमहालाचा पडदा, पायांत वहाणा नाहीत. यजमान वारले आहेत. आजी आणि तिन्ही मुले यांनी मिळून संमती दिली, आजींनी अंगठा न उठवता सही केली. कॉमन्सची रीत अशी की चढविणारा स्वतः मालक नसेल तर मालकाची अनुमती ई-मेलने स्वयंसेवकांच्या पथकाकडे जावी लागते. आजींचा ई-मेल नाही. नातीने आपल्या पत्त्यावरून, सहीच्या कागदाची प्रत जोडून, ती पाठविली. काही आठवड्यांनी अनुमतीची खूण चित्राच्या पानावर उमटली.

वर्णनाच्या रकान्यात काय लिहावयाचे यावर विद्यार्थ्यांत बराच वाद झाला. ‘दुष्काळग्रस्त कुटुंब’ हा पहिला मसुदा आजींनी नाकारला. त्या दिवशी आम्ही पगार घेऊन आलो होतो, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांची नावे, गाव, वर्ष, कोणत्या कामाच्या मजुरीतून फोटो काढला, आणि छायाचित्रकाराचे नाव, एवढेच लिहिले. नाव प्रसिद्ध करावे की नाही हे दोनदा विचारले. दोन्ही वेळा उत्तर तेच आले.

खडी फोडणाऱ्या चौघींच्या निगेटिव्हचे जुने पाकीट आम्ही बदललेले नाही. त्यावरील मजकूर हाही पुरावा आहे. १९७२ साली कोणाचे नाव लिहिण्याजोगे वाटले, हे तो सांगतो. त्याच्या शेजारी नवे कार्ड लावले आहे. त्यावर तीन नावे आहेत आणि चौथ्या ओळीत वाडीचे नाव तेवढे. त्या वाडीवरच्या जुन्या हजेरीपटांचा गठ्ठा ग्रामपंचायतीच्या माळ्यावर असल्याचे समजले आहे. पावसाळा संपल्यावर दोन विद्यार्थी तिकडे जाणार आहेत.